किमान शिक्षेची मागणी कुठून येते?

[दृश्य: न्यायालयाचा व्हरांडा. बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली स्त्री.]

घरात मारहाण करणाऱ्याला अमुक इतकी शिक्षा झालीच पाहिजे, न्यायाधीशांनाही त्याखाली जाता येऊ नये, अशी मागणी अनेक देशांतून होते. ती कशातून येते, हे ब्राझीलमधल्या एका खटल्यात स्पष्ट दिसतं.

१९८३. फोर्तालेझा शहर. मारिया दा पेन्या झोपेत असताना नवऱ्याने त्यांच्या पाठीत गोळी झाडली. घरात चोर शिरले होते, असं त्याने सांगितलं. मारिया कमरेखाली कायमच्या अपंग झाल्या. मारिया इस्पितळातून घरी परतल्यावर त्याने न्हाणीघरात विजेचा धक्का देऊन त्यांना पुन्हा मारायचा प्रयत्न केला. १९९१ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं, १९९६ मध्ये पुन्हा ठरवलं. तरी अपिलांवर अपिलं चालत राहिली आणि तो मोकळाच फिरला. गजाआड गेला तो २००२ मध्ये. तिथे राहिला जेमतेम दोन वर्षं.

त्या काळात घरातल्या मारहाणीचे बरेचसे खटले किरकोळ गुन्ह्यांच्या न्यायालयात जायचे. दंड भरायचा, नाहीतर गरजूंसाठी शिधा द्यायचा, की प्रकरण मिटलं. मार खाल्लेल्या बाईने त्याच संध्याकाळी त्याच घरात परत जायचं. २००६ मध्ये मारिया यांच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि शिधा देऊन सुटायची ही वाट बंद झाली. २०२४ मध्ये स्त्रीहत्येची, म्हणजे बाई आहे म्हणून केलेल्या खुनाची, किमान शिक्षा १२ वर्षांवरून २० वर्षांवर नेली गेली.

ज्यांनी हे सगळं सोसलं, त्यांचा न्यायाधीशांच्या मर्जीवर विश्वास का उरत नाही, हे आम्हाला पुरतं समजतं.

[दृश्य: रिकामं न्यायालय. न्यायाधीशांची खुर्ची.]

पण ठरलेली शिक्षा समोर कोण उभं आहे, हे बघत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात २०१० मध्ये मारिसा अलेक्झांडर यांनी नवऱ्याशी झालेल्या भांडणात बंदुकीचा एक बार काढला. कुणालाही इजा झाली नाही. तो आपल्याला मारायचा आणि आपण फक्त त्याला धाक घातला, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्युरीला ते पटलं नाही. अशा हल्ल्याच्या गुन्ह्यात बंदूक चालवली म्हणजे किमान २० वर्षं, असा तेव्हा त्या राज्याचा कायदा होता. तेवढीच शिक्षा झाली. कमी करायचा अधिकार न्यायाधीशांकडे नव्हताच. त्याआधी सरकारी वकिलांनी गुन्हा कबूल केल्यास तीन वर्षांवर भागवायची तयारी दाखवली होती, ती मारिसा यांनी नाकारली होती. तीन आणि वीस! म्हणजे शिक्षा कमी करायची सोय होती, फक्त ती सरकारी वकिलांच्या दालनात होती. तिथे काय बोलणं होतं, ते लोकांना दिसत नाही आणि त्यावर अपीलही नसतं. पुढे वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि २०१५ मध्ये त्या तुरुंगाबाहेर आल्या.

आणखी एक अडचण घरातच आहे. नवऱ्याच्या कमाईवर चूल पेटते, मुलं लहान असतात. मार थांबावा एवढंच अनेकींना हवं असतं. तक्रार केली की तो काही वर्षं आत जाणारच, हे कळल्यावर ती पोलीस ठाण्याच्या दारातून मागे फिरते, नाहीतर साक्षीच्या दिवशी बोलणं फिरवते. मग शिक्षा कितीही कडक असो, खटलाच उभा राहत नाही.

म्हणून किमान शिक्षेचा जोर संरक्षण आदेश, म्हणजे मारणाऱ्याने बाईपासून लांब राहावं हा न्यायालयाचा आदेश, मोडण्यावर असावा, असं आम्हाला ठामपणे वाटतं. आदेशावर तारीख असते, बाईच्या जवळ फिरकायचं नाही हे त्याला बजावलेलं असतं. तरीही तो दारात येऊन उभा राहिला, तर त्याला माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू शकत नाही. ब्राझीलने २०१८ मध्ये हा स्वतंत्र गुन्हा केला, तेव्हा किमान शिक्षा होती तीन महिने. आता ती दोन वर्षं आहे. आणि वर्षानुवर्षं मार खाऊन एके दिवशी उलटा हात उचललेल्या बाईसाठी मात्र न्यायाधीशांना किमान शिक्षेच्या खाली जाता आलंच पाहिजे.

[दृश्य: रात्र. पोलीस ठाण्याचं उघडं दार.]

शिक्षा खटल्याच्या शेवटी होते. जिवाला धोका मात्र तक्रार दिल्यापासूनच असतो. ब्राझीलच्या कायद्यात संरक्षणाच्या अर्जावर न्यायाधीशांना ४८ तासांत निर्णय द्यावा लागतो. २०१९ पासून, जिथे न्यायालय नाही तिथे पोलीसच मारणाऱ्याला घराबाहेर काढू शकतात. न्यायाधीशांना मात्र २४ तासांत कळवावं लागतं.