वजन 25 किलोच्या वर

[पडद्यावर : अंगठ्याने वर उचललेला ओठ, हिरडी]

निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते, बोट काढलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. या हिरडीत परत यायला रंगच उरलेला नाही.

हा मोती. वय सहा. जन्म भांडुप स्टेशनबाहेरचा, मुक्काम तिथल्याच एका चाळीत, काका-काकूंकडे. आजार गोचीड ताप. मुंबईच्या दमट हवेत गोचिडी बारा महिने असतात, पावसाळ्यात जास्त. त्यांच्या चाव्यातून बबेसिया नावाचा परजीवी रक्तात शिरतो आणि लाल पेशी फोडत सुटतो. दोन दिवस मोती जेवला नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली.

जवळचा दवाखाना बंद झाला होता. रिक्षा मिळाली, पण रिक्षा सायनच्या पुढे जात नाही. सायनला उतरायचं, कुत्र्याला चादरीत घेऊन टॅक्सीला हात करायचा आणि कुत्रा पाहून टॅक्सी पुढे निघून जाताना बघायची. तिथे आमचा कॅमेरा नव्हता. आम्ही भेटलो ते मध्य मुंबईतल्या या रुग्णालयाच्या दारात. रात्रभर उघडं असतं. नाव घेऊ नका, ही त्यांची अट.

[पडद्यावर : काचेची नळी, सेंट्रिफ्यूज]

या बारीक नळीत मोतीचं रक्त आहे. यंत्रात पाच मिनिटं गरगर फिरलं की लाल पेशी तळाला बसतात. नळीचा किती भाग लाल, तो आकडा म्हणजे पीसीव्ही. चांगल्या कुत्र्याचा साधारण 37 ते 55 टक्के. मोतीचा 11.

रक्त द्यावं लागणार. पण कुणाचं? माणसासाठी रक्तपेढीची चिठ्ठी मिळते, नातेवाईक धावाधाव करतात, पिशवी येते. कुत्र्यासाठी फोन बाहेर निघतो. 'अर्जंट. डोनर डॉग हवा. वजन 25 प्लस. लसीकरण पूर्ण.' हा मेसेज एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जात राहतो. काकूंना टाइप करता येत नाही, त्या बोलून रेकॉर्ड करतात.

[पडद्यावर : परळ, दगडी इमारती, सकाळचा केस पेपर काढणाऱ्यांचा घोळका]

मुंबईत जनावरांच्या इलाजाची गोष्ट परळला सुरू होते. बाई सकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे नाव पाटीवर. टॅक्सीवाल्याला सांगायचं बैलघोडा हॉस्पिटल, तो बरोबर आणून सोडतो. सर दिनशॉ माणेकजी पेटिट या गिरणीमालकाने एकोणिसाव्या शतकात पैसा दिला, नाव पत्नीचं दिलं. 1886 मध्ये याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडलं. तेव्हा शहर जनावरांच्या पाठीवर चालत होतं. 1874 ते 1905 इथली ट्रामसुद्धा घोडे ओढायचे. गिरण्यांचा माल बैलगाडीतून जायचा. खूर फाटलेला बैल, पाय मुरगळलेला घोडा, असे इथले पेशंट. पोटासाठी राबणारे. आज रांगेत कोण आहे बघा : लॅब्रेडोर, पर्शियन मांजर, पिशवीत गुंडाळलेलं गल्लीतलं पिल्लू. बैल गेले, नाव मात्र लोकांनी सोडलं नाही.

2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं. रतन टाटांनी अनेक वर्षं धरलेला ध्यास. ते सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टाटा गेले. म्हणजे एक परळ, एक महालक्ष्मी. दोन्ही सायनच्या दक्षिणेला. उत्तरेकडच्या भांडुप, मुलुंड, दहिसरकरांनी मध्यरात्री काय करायचं, हे कुठल्याही नकाशावर बोट ठेवून विचारता येईल.

[पडद्यावर : दार उघडतं, पिवळा लॅब्रेडोर आत येतो]

आणि हा आला दाता. ब्रूनो, दादरचा. वजन 34 किलो. सोबत कॉलेजात शिकणारी मुलगी, पायात घरातल्याच चपला. काकांना ती ओळखत नाही. "बसा काका तुम्ही," म्हणते आणि सरळ काट्याकडे जाते.

आलेला प्रत्येक कुत्रा चालत नाही. वय साधारण एक ते आठ. लशी पूर्ण. त्याला आधी कधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलेलं नसावं. आणि त्याच्याच रक्तात गोचिडीचा आजार दडलेला नसावा, म्हणून ही किट. रक्ताचे काही थेंब टाकायचे आणि थांबायचं. एकच निळा ठिपका उमटला पाहिजे, तो तपासणी नीट झाल्याचा. दुसरा उमटला की दाता बाद. सगळे टेबलाभोवती वाकलेत.

एकच.

मग काचपट्टीवर ब्रूनोच्या पेशी आणि मोतीचा सीरम. गुठळ्या झाल्या नाहीत, म्हणजे रक्त जुळलं. कुत्र्याला पहिल्यांदा दिलेलं रक्त बहुतेक वेळा मानवतं. मांजराचं तसं नसतं. तिथे ए आणि बी गट आहेत, आणि बी गटाच्या मांजरात ए गटाचं रक्त गेलं तर पहिल्याच खेपेला जीव जाऊ शकतो.

[पडद्यावर : गळ्यावरचे केस कापणारी मशीन, सुई, पिशवी]

गळ्याच्या मोठ्या नसेतून रक्त घेतात. भूल दिलेली नाही. "ताई, त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहा, बोलत राहा," डॉक्टर सांगतात. ती त्याला घरचा हिशेब ऐकवते : आज पनीर कुणी चोरलं, चप्पल कुणी कुरतडली. पिशवी टेबलाच्या खाली, छोट्या काट्यावर. एक मुलगा ती सतत हलवतोय, कारण आतलं द्रावण रक्तात मिसळलं नाही तर रक्त गोठेल. 450 मिली. ब्रूनोच्या अंगातल्या रक्ताचा साधारण सहावा-सातवा हिस्सा. लहान कुत्र्याला एवढं देणं झेपणार नाही, म्हणूनच 25 किलोची अट. शेवटी गळ्यावर पट्टी आणि समोर उकडलेली कोंबडी. शेपूट आधीच सुरू झालं होतं.

मोतीकडे पिशवी लागते ती अगदी सावकाश. पहिला अर्धा तास ताप, ओठ, श्वास, अंगावर गांधी उठतात का, हे बघत. सगळी पिशवी चार तासांच्या आत संपवायची.

दुसऱ्या दिवशी पीसीव्ही 22. मोती घरी गेला. शेजारच्या पिंजऱ्यातल्या रॉटवायलरसाठी दाता दुपारपर्यंत मिळाला नाही.

[पडद्यावर : चाळीची गॅलरी, वजनकाटा]

अडचण कुत्र्यांच्या संख्येची नाही. मुंबईतला गावठी कुत्रा सहसा पंचवीस किलोपर्यंत पोचत नाही. पोचतात ते लॅब्रेडोर, शेफर्ड, रॉटवायलर. आणि त्यांच्या मालकांपैकी कितीतरी जणांना कुत्राही रक्त देऊ शकतो हे ठाऊक नसतं. तपासणी आधीच करून नाव आपल्या डॉक्टरकडे लिहून ठेवलं, तर रात्री नुसता फोन करावा लागतो. एकदा रक्त दिल्यावर दोन-तीन महिने थांबायचं, मग पुन्हा देता येतं.

मोतीला स्वतःला आता कधीच देता येणार नाही. ज्याला रक्त चढवलंय तो कुत्रा दाता होत नाही. म्हणून काका चाळीतल्या टायगरला घेऊन आलेत. टायगर 23 भरला. दोन किलो कमी. मुद्दाम खायला घालून वजन वाढवायचं नाही, असं डॉक्टरांनी काकांना बजावलंय. सांगायला हवं होतं काकूंना.