वजनाचे रजिस्टर जेवणघरात ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

वृद्धनिवासात राहणारी एखादी व्यक्ती बारीक होऊ लागली की ‘वय झाले, शरीर उतरणारच’ असे म्हणून तो विषय तिथेच सोडून दिला जातो. परंतु कोणताही प्रयत्न न करता तीन ते सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटणे हे केवळ वय नव्हे, ते कुपोषणाचे गंभीर लक्षण आहे. साठ किलोच्या माणसाचे सहा किलोंहून अधिक वजन गेले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. म्हणून दर महिन्याला वजन घ्यावे. पुन्हा सांगतो, दर महिन्याला.

कुपोषणाचा धोका ओळखण्यासाठी ब्रिटनमध्ये २००३ साली तयार झालेली ‘मस्ट’ ही चाचणी उंचीच्या मानाने असलेले वजन, नकळत झालेली घट आणि तीव्र आजारामुळे बंद पडलेले खाणे या तीन गोष्टींना गुण देते. गुणांची बेरीज दोन किंवा त्याहून अधिक झाली की धोका मोठा समजतात. ज्यांना काट्यावर उभे करता येत नाही, त्यांच्यासाठी ‘मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट’ या चाचणीच्या सहा प्रश्नांच्या लहान रूपात पोटरीचा घेर मोजण्याची सोय आहे. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्या प्रश्नाला शून्य गुण मिळतो; ‘मस्ट’च्या उलट, इथे कमी गुण म्हणजे धोका अधिक.

या मोजपट्टीमुळे मला एका निवासातल्या आजी नेहमी आठवतात. त्यांना उभे राहता येत नसे, त्यामुळे रजिस्टरात वजनाच्या रकान्यात महिन्यामागून महिने ‘घेता आले नाही’ आणि जेवणाच्या रकान्यात ‘नको म्हणाल्या’ एवढेच लिहिलेले असे. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेने त्यांच्या पोटरीचा घेर मोजला, तो २८ सेंटिमीटर भरला. सहा प्रश्न पूर्ण केले, तेव्हा १४ पैकी ६ गुण आले. सात किंवा त्याहून कमी गुण म्हणजे कुपोषण. हा आकडा लिहून ती थांबली नाही, तर दुपारच्या जेवणाला आजींच्या शेजारी जाऊन बसली. कवळी सैल झाल्यामुळे आजी एकेक घास फार सावकाश चावत होत्या, आणि ताटे गोळा करणारी बाई समोर येताच ‘झालं माझं’ म्हणून त्यांनी अर्धे ताट पुढे सरकवले. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “तिला अजून सगळी भांडी घासायची असतात, माझ्यासाठी तिला किती खोळंबून ठेवायचं?” भूक होती, अन्नही होते, तरी केवळ भिडेपोटी त्या रोज अर्धपोटी उठत होत्या. त्यानंतर आजींना सर्वांच्या आधी वाढले जाऊ लागले, त्यांचे ताट सर्वांत शेवटी उचलले जाऊ लागले, कवळी दुरुस्त झाली आणि दोन जेवणांच्या मध्ये दुधासारखे पौष्टिक काही मिळू लागले. बसून वजन घेता येणारा खुर्चीचा काटा आला, तेव्हा त्यांचे वजन हळूहळू वाढताना दिसू लागले.

माझे स्पष्ट मत आहे की वजनाचे रजिस्टर कार्यालयातल्या कपाटात न ठेवता जेवणघरात ठेवावे, आणि जेवणाच्या वेळी तिथला दूरदर्शन संच बंद ठेवावा. वाढणाऱ्याचे लक्ष ताटाकडे असले, तरच कोणी किती खाल्ले हे त्याला सांगता येते.

वजन शक्यतो त्याच काट्यावर, त्याच वेळी आणि हलक्या कपड्यांत घ्यावे. पायांवर सूज असल्यास तीही शेजारी नोंदवावी, कारण अंगात साठलेल्या पाण्यामुळे काट्यावरचा आकडा स्थिर राहतो आणि स्नायू झिजत असल्याचे लक्षात येत नाही.