वावरातलं शिबिर, साडेदहाच्या आत

श्रोतेहो, नमस्कार. शाळेच्या परीक्षा संपल्या की नागपुरात शिबिरांच्या पाट्या झळकायला लागतात. पोहणं, चित्रकला, अबॅकस. त्यात अलीकडे शेतावरच्या शिबिराची भर पडली आहे. सकाळी पोरांना गाडीत घालायचं, वावरात न्यायचं आणि घरी आणून सोडायचं. ज्यांच्याकडे वावर आहे आणि असं शिबिर घ्यायचं मनात आहे, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं. आईवडिलांनीही ऐकावं, म्हणजे फी भरण्याआधी काय विचारायचं ते कळेल.

सुरुवात घड्याळापासून करू. मे महिन्यात आपल्याकडे ४३-४४ अंश म्हणजे नेहमीचंच, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की त्याच्याही वर. या दिवसांत आपला शेतकरी पहाटे वावर गाठतो, दहा-साडेदहाला सावलीत येतो आणि पुन्हा बाहेर पडतो तो साडेचारनंतर. शिबिरानेही हीच वेळ पाळावी. साडेसहाला पोरं वावरात, साडेदहाला परतीच्या गाडीत. दहा ते पाचचं शिबिर जाहिरातीत भरगच्च दिसतं, पण दुपारचे पाच तास पोरांना टिनाच्या शेडखाली बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही. टिन तापलं की खाली भट्टी होते. सावली हवी ती आंब्याची, चिंचेची, नाही तर पऱ्हाटी-तुराटीच्या, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांच्या मांडवाची. हिरवी जाळी बांधायची असेल तर दहा फुटांच्या वर बांधा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा. चिंचेखाली बसवण्याआधी मान वर करून एकदा नीट पाहा. आग्या मोहोळ असेल तर ती जागा सोडून द्या. मोहोळ उठवण्याच्या भानगडीत पडू नका.

वेळ साडेदहाची ठरली की अंतरही आपोआप ठरतं. हिंगणा, कळमेश्वर, कामठीच्या बाजूची गावं चालतील. काटोल-नरखेडचे बगीचे देखणे आहेत, पण तिथे जायला-यायला मिळून दोन तासांच्या वर जातात आणि परतताना पोरं अकराच्या उन्हात गाडीत भाजतात. गाडीत चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा डोकी मोजा, नाव घेऊन मोजा. उभ्या गाडीत झोपलेलं एखादं पोर राहून गेलं तर काय होईल, हे सांगायला नको.

आता काम. बहुतेक शिबिरं इथेच चुकतात. ही गाय, हा ट्रॅक्टर, चला आता फोटो. अशाने तासाभरात पोरं कंटाळतात आणि एकमेकांवर ढेकळं फेकायला लागतात. त्यांना असं काम द्या, जे शेतकऱ्याला खरंच हवं आहे आणि मे महिन्यातच करावं लागतं. असं एक काम घरोघरी पडलेलं असतं. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासणं.

कागद-पेन जवळ असेल तर घ्या. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलेल्या पोत्यांतून दाणे काढायचे. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून मूठभर काढायचे आणि सगळे एकत्र कालवायचे. त्यातून न निवडता शंभर दाणे मोजायचे. ‘न निवडता’ हे दोनदा सांगा, कारण पोरं हमखास टपोरे दाणे वेचतात आणि मग उगवण खोटी येते. गोणपाटाचा साधारण दोन फुटांचा तुकडा स्वच्छ धुऊन, पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, दोन दाण्यांत बोटभर जागा ठेवायची. वरून दुसरा ओला तुकडा घालायचा आणि चटईसारखी सैल गुंडाळी करायची. अशा तीन गुंडाळ्या करा, म्हणजे तीनशे दाणे. प्रत्येक गुंडाळीवर ती करणाऱ्या पोरांच्या टोळीचं नाव आणि तारीख लिहा.

गुंडाळी ठेवायची घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, माठाजवळ ठेवली तर उत्तम. रोज सकाळी पोरं आली की तिच्यावर पाणी शिंपडायचं, संध्याकाळी घरच्या माणसाने एकदा. शिंपडायचं, ओतायचं नाही. पोरांना पाण्याचा मोह सुटत नाही. गोणपाट दाबल्यावर बोट ओलं झालं पाहिजे, पण धार लागता कामा नये. पाणी जास्त झालं की सोयाबीन कुजतं, वास मारतं, आणि मग लोक बियाण्याला दोष देतात.

सोमवारी लावलेली गुंडाळी शनिवारी उघडायची. म्हणून शिबिर सहा दिवसांचं ठेवा. एकेका दिवसाच्या सहलीत हे काम होत नाही. मोजताना फक्त चांगली मूळं आणि धड कोंब असलेले अंकुर धरायचे. नुसते फुगलेले, बुरशी लागलेले, वाकडेतिकडे, अर्धवट तुटलेले दाणे वेगळे ठेवायचे. शंभरात सत्तर किंवा जास्त चांगले आले तर बियाणं पेरायला ठीक, एकरी ३० किलोच्या हिशोबाने. सत्तरच्या खाली गेले तर पेरताना बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं. साठच्याही खाली असेल तर ते पेरायच्या नादी लागू नका. पुन्हा सांगतो, सत्तर आणि साठ. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. पोतं गाडीतून आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. तुटक्या अंकुरांचा ढीग पोरांसमोर ठेवला, की पोतं का आपटायचं नाही हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांच्याकडे उन्हाळी भुईमूग आहे, त्यांना दुसरं कामही आयतंच आहे. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत पेरलेला भुईमूग मेमध्ये काढणीला येतो. शेंग फोडून पाहा. टरफलाची आतली बाजू काळपट झाली असेल तर तयार, पांढरी असेल तर अजून थांबा. उपटणीच्या दोन दिवस आधी हलकं पाणी द्या. कोरड्या, कडक जमिनीत पोरांनी झाड ओढलं की आऱ्या, म्हणजे शेंगा धरणारे दोरे, तुटतात, शेंगा खालीच राहतात आणि हातात नुसता पाला येतो. एका टोळीला एक ओळ पुरे. झाड बुडाशी धरायचं, सरळ वर ओढायचं, माती झटकायची, शेंगा वर येतील असं उलटं ठेवायचं. फूल वर लागतं आणि शेंग मातीत कशी, हा प्रश्न येणारच. तेव्हा आरी बोटाने दाखवा. फूल गळल्यावर त्या जागेतून निघालेला तो दोरा मातीत शिरतो आणि त्याच्या टोकाला शेंग धरते.

मुळांवरच्या गाठीही दाखवायच्या असतील तर एक ध्यानात ठेवा. काढणीला आलेल्या झाडावरच्या गाठी बहुधा वाळलेल्या, तपकिरी असतात. शेजारी हिरवीगार चवळी किंवा मूग असेल तर त्याचं एक झाड कुदळीने मातीसकट उचला, पाण्यात हलवून धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसलं, म्हणजे हवेतलं नत्र पकडायचं काम चालू आहे.

संत्र्याचं नाव घेतल्याशिवाय नागपूरचं शेत पुरं होत नाही, म्हणून ते आधीच सांगून टाका. मेमध्ये झाडावर पिकलेली संत्री नसतात. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, तोड झालेली असते आणि आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळं अजून हिरवी, लिंबाएवढी असतात. जाहिरातीत संत्र्यांचा फोटो टाकलात तर पहिल्याच दिवशी पोरं तोंडावर विचारतील. मृग बहार धरायचा म्हणून ताणावर सोडलेली झाडं पाहून ‘यांना पाणी का देत नाही?’ असंही विचारतील. प्रश्न चांगला आहे. झाडाला तहानेचा ताण बसला की पावसाच्या पाण्यावर ते फुलतं, एवढं उत्तर पुरे.

आंबिया बहाराच्या झाडांना ठिबक चालू असतं, तिथे पोरांना ड्रिपर तपासायला लावा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर खाली डबा ठेवून १५ मिनिटांत १ लिटर जमलं पाहिजे. अर्धाच लिटर जमला तर तोंडाशी क्षार किंवा कचरा बसला आहे. त्या नळीला चिंधी बांधायची आणि वावराच्या मालकाला दाखवायची. सकाळभरात झाडांच्या दोन ओळी तपासून होतात आणि मालकाचं खरंच काम होतं.

गोठ्यात एका वेळी पाच-सहाच पोरं न्या. गायीच्या मागून जायचं नाही, बाजूने, तिला दिसेल असं जायचं. वासराजवळ आई असेल तर लांबच राहायचं. कुटार म्हणजे भुसा आणि ढेप म्हणजे पेंड पोरांच्या हाताने टाकू द्या, पण वैरण कापायच्या कडबाकुट्टीचा प्लग काढूनच ठेवा. धारोष्ण दूध प्यायला देण्याची हौस आवरा. दूध उकळूनच द्यायचं.

पाहुणी पोरं आली की शेतकऱ्याच्या रोजच्या नजरेला न दिसणारे धोके उघडे पडतात. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे शेततळं. विहिरीची भीती सगळ्यांना असते, शेततळं मात्र पोहायच्या टाक्यासारखं निळं आणि शांत दिसतं. त्याच्या उतारावरचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने तेलासारखा गुळगुळीत होतो. पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही, कारण धरायला काहीच नसतं. सभोवती जाळीचं कुंपण आणि कुलूप हवंच. शिवाय चारही बाजूंना जाड दोर, हातभर अंतरावर गाठी मारलेले, एक टोक काठावरच्या खांबाला आणि दुसरं पाण्यात. दोन फुगवलेल्या ट्यूब काठावर. हे नसेल तर त्या वावरात शिबिर घेऊ नका. विहिरीला कमरेच्या वर कठडा आणि वर लोखंडी जाळी.

दुसरा धोका मोटारीच्या ऑटो स्विचचा. वीज केव्हा येईल याचा भरवसा नाही म्हणून तो लावलेला असतो. पोरं पाइपाशी खेळत असताना वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. शिबिराच्या वेळेत ऑटो काढून ठेवा, स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावा. फवारणीची औषधं, पंप आणि रिकामे डबेही कुलूपबंद हवेत. लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेला रिकामा डबा पाणी घ्यायला कोणी वापरत असेल तर तो आजच फोडून टाका. शिबिर सुरू असताना आणि त्याच्या आधीच्या दिवसांत फवारणी ठेवूच नका.

माणसं किती? वीस पोरं, वय ८ ते १३, आणि सहा पोरांमागे एक मोठं माणूस. शिवाय वावर ओळखणारा एक गडी मोकळा हवा. त्याच्याकडे दुसरं काम द्यायचं नाही.

पाण्याचा हिशोब असा. दर वीस मिनिटांनी शिट्टी, आणि प्रत्येकाने साधारण दीडशे मिली पाणी प्यायचं, तहान असो वा नसो. चार तासांत एका पोराला पावणेदोन लिटर लागतं. वीस पोरं आणि मोठी माणसं मिळून ५० लिटर धरा, हातपाय धुवायचं वेगळं. आणि एक गोष्ट आयोजकांच्या लक्षातच येत नाही. दाराला कडी असलेलं, आत पाणी असलेलं संडास नसेल तर मुली पाणीच पीत नाहीत. तुम्ही शिट्ट्या वाजवत बसता, त्या घोट घेतल्यासारखं करतात आणि साडेनऊला डोकं धरून बसतात.

साडेआठला खाणं. तर्री पोहे नकोत, पोटात आग आणि वरून ऊन. साधे पोहे, उकडलेल्या शेंगा, ताक किंवा कैरीचं पन्हं द्या. शेंगदाण्याची ॲलर्जी, दमा, आधीचे आजार हे नाव नोंदवतानाच लिहून घ्या. धनुर्वाताची लस झाली आहे का तेही विचारा. सरकारी वेळापत्रकात ती पाच-सहाव्या वर्षी आणि दहाव्या वर्षी असते. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला ओला दुपट्टा, पायात बूट. चपलेतून सराट्याचे काटे आरपार जातात.

पोर अचानक गप्प झालं, चिडचिडलं, मळमळतंय म्हणालं, तर त्याला लगेच सावलीत घ्या आणि ओआरएस घोटघोट द्या. मोठी पुडी एक लिटर पाण्यात सगळी टाकायची असते. ती ग्लासभर पाण्यात कालवून पाजणं घातक आहे. पोर बरळायला लागलं, चालताना झोकांड्या खायला लागलं किंवा अंग भाजल्यासारखं तापलं, तर तोंडात काही घालू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोराने वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. तापाची गोळी इथे कामाची नाही. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा बापडा, पण पाण्याची शिट्टी चुकवू नका.

साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि थेट दवाखान्यात न्या. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे, हे शिबिराच्या आधीच जाऊन विचारून या.

हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर त्या दिवशी सुट्टी द्या, ऑरेंज असेल तर नऊला आवरा. निर्णय आदल्या रात्री आठपर्यंत पालकांना कळवा. अवकाळीचं आभाळ भरून आलं आणि गडगडलं तर झाडाखाली कोणी थांबायचं नाही. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या. ज्यांना हे दरवर्षी करायचं आहे, त्यांनी राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन विभागाकडे नोंदणी करून घ्यावी.

आणि शनिवारी साडेनऊला तिन्ही गुंडाळ्या मांडवात उघडा. मोजणी पोरांनाच करू द्या, आकडा फळ्यावर लिहू द्या. समजा ७८, ७४ आणि ७० आले. बेरीज २२२, तिनाने भागलं की ७४. खडूने तो आकडा पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा, खाली तारीख आणि टोळ्यांची नावं. पाऊस आला की वावराचा मालक तेच पोतं पेरायला काढणार आहे. नमस्कार.