वरच्या गटात

(पडद्यावर: पांढऱ्या जाड कापडाची बाही. तिच्यावर आवळलेली चार बोटं.)

ज्युदोत पहिली झटापट होते ती या बाहीसाठी. एक हात समोरच्याच्या कॉलरवर, दुसरा बाहीवर. पकड बसली तर डाव, नाहीतर नुसतीच ओढाताण.

दक्षिण कोरियाच्या किम जे-बोमची पंचाईत मात्र मॅटवर पाय ठेवायच्या आधीपासूनची. त्याचा गट 73 किलोंचा, आणि तिथे घरचेच दोघं ठाण मांडून बसलेले: 2004चा ऑलिंपिक विजेता ली वॉन-ही आणि 2007चा जगज्जेता वांग की-चुन. ऑलिंपिकला एका गटात देशाचा एकच खेळाडू जातो. किमने वजन वाढवलं आणि 81 किलोंच्या गटात गेला. आठ किलो ऐकायला किरकोळ वाटतात. तेवढ्या जास्त वजनाचा पैलवान अंगावर येतो तेव्हा कळतं.

बीजिंग, 2008. नव्या गटात थेट अंतिम फेरी. समोर जर्मनीचा ओले बिशॉफ. किम चितपट झाला नाही, पण थोडक्यात हरला. रौप्य.

पुढे 2010ला टोकियोत आणि 2011ला पॅरिसमध्ये तो जगज्जेता झाला, मधे ग्वांगझूला आशियाई सुवर्णही मिळालं. तरी बीजिंगचा सल गेला नाही.

लंडन, 31 जुलै 2012. डावा खांदा, डावं कोपर, डावा गुडघा, सगळं दुखावलेलं. ज्या खेळात दोन्ही हातांशिवाय पकड नाही, त्यात हा जवळजवळ अर्ध्या अंगानं उतरलेला. आणि अंतिम फेरीत पुन्हा बिशॉफच.

किमने हातांवरची भिस्त पायांवर टाकली. आतून पाय घालून त्यानं बिशॉफला पाडलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा. आपल्याकडच्या कुस्ती शौकिनाला टांग आठवावी. पाठ पुरती टेकली नाही, म्हणून इप्पोन, म्हणजे तिथेच लढत संपवणारा पूर्ण गुण, नाही. दोन युको, म्हणजे छोटे गुण, मिळाले, तेवढे पुरले.

बीजिंगला मरेन किंवा जगेन म्हणून लढलो आणि हरलो, या वेळी मरायचंच ठरवून उतरलो, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. एरवी हे नाटकी वाटलं असतं.

गंमत पुढेच आहे. किम 81 किलोंत ठाण मांडून बसल्यावर तिथला कोरियाचाच सोंग दे-नाम अडला. तोही वर सरकला, 90 किलोंत, तिशी ओलांडल्यावर. दुसऱ्याच दिवशी, 1 ऑगस्टला, त्याची अंतिम लढत जादा वेळेत गेली. कोरियाचे प्रशिक्षक जुंग हून यांना पंचांनी मधेच बाहेर काढलेलं. सोंगने क्यूबाच्या आस्ले गोन्झालेझला पाडलं, सुवर्ण घेतलं, आणि नंतर प्रशिक्षकांसमोर जमिनीवर डोकं टेकवलं. तर तेही समोर वाकले, तसेच, गुडघ्यांवर. दोघं एकमेकांचे साडू आहेत.