उत्तर आलं, पण कोणत्या प्रश्नाचं?

सर्च बॉक्समध्ये दोन अक्षरं पडली की खाली यादी उघडते. हे इतकं अंगवळणी पडलंय की ती उघडली नाही तर नेट गेलं की काय असं वाटतं. गूगलने २००४ च्या डिसेंबरमध्ये ‘गूगल सजेस्ट’ प्रयोग म्हणून लोकांपुढे आणलं, तेव्हा ते नवल होतं. आज अशी सूचनांची यादी बनवायचं काम आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं, आणि आपण ते एका दुपारीत उरकूनही टाकतो. मीही टाकलं होतं. मग त्याच्या तक्रारी निस्तरत बसलो, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

तक्रार एकच होती: ‘मी निवडतो एक, शोधलं जातं भलतंच.’ आमच्या मशीनवर काही केल्या तसं घडेना. शेवटी नेटवर्क मुद्दाम मंद केलं, तेव्हा चोर सापडला. समजा, माणूस ‘करार’ टाइप करतोय. ‘कर’पर्यंत आला, जरा थांबला, पहिली रिक्वेस्ट गेली. मग शब्द पुरा केला, दुसरी गेली. दुसरीचं उत्तर ९० मिलिसेकंदांत हजर, यादीत सगळ्यात वर ‘करारनामा’. बोट तिकडे निघालं. पहिली मात्र वाटेत कुठेतरी रेंगाळली होती. ती आता आली, आणि आमच्या कोडने इमानेइतबारे तिची यादी चालू यादीवर चढवली. बोट टेकलं तेव्हा त्या जागी ‘करमुक्त’ होतं.

तुम्ही म्हणाल, डीबाउन्स लावा. लावाच. कळ दाबली की घड्याळ पुन्हा शून्यावर, २०० मिलिसेकंद शांतता मिळाली तरच रिक्वेस्ट. सर्व्हरचा जीव वाचतो. पण आमच्याकडे डीबाउन्स होताच की! माणूस त्याहून जास्त थांबला, म्हणून तर पहिली रिक्वेस्ट सुटली. डीबाउन्सने रिक्वेस्ट कमी होतात, उत्तरं कोणत्या क्रमाने येतील ते त्याच्या हातात नाही.

जुनी रिक्वेस्ट रद्द करणं हा पुढचा उपाय. ब्राउझरमध्ये त्यासाठी अबॉर्टकंट्रोलर आहे, तो जरूर वापरा. फक्त एवढं लक्षात ठेवा की रद्द होतं ते आपलं वाट पाहणं; सर्व्हर कदाचित ते काम करतच बसलेला असतो.

माझ्या मते खरा इलाज अगदी साधा आहे. उत्तर हातात आलं की विचारायचं, बाबा रे, तू कोणत्या प्रश्नाचं उत्तर? तो प्रश्न आणि या क्षणी बॉक्समध्ये असलेला मजकूर एकच असेल तरच यादी दाखवायची. काही जण रिक्वेस्टना क्रमांक देतात आणि शेवटचा क्रमांक तेवढा खरा मानतात. चालतं तेही. पण माणसाने ‘करा’ लिहून काना खोडला आणि परत ‘कर’वर आला, तर ‘कर’चं आधीचं उत्तर अजूनही उपयोगाचं असतं. क्रमांकवाला ते फेकून देतो, मजकूर जुळवणारा वापरतो.

आता गंमत बघा. आम्ही अपाची सोलर हे सर्च इंजिन वापरत होतो, आणि जावामधून त्याच्याशी बोलायला सोलरजे ही क्लायंट लायब्ररी. सोलरचं मूळ उत्तर जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, उघडून पाहिलंत तर आधी डिक्शनरीचं (सूचनांच्या शब्दसंग्रहाचं) नाव, त्याच्या आत तुम्ही विचारलेला शब्द, आणि त्याच्या आत सूचना. म्हणजे प्रश्न उत्तरासोबतच येतो. लायब्ररी ते उलगडून देते तेव्हा डिक्शनरीच्या नावापुढे सूचनांची यादी मिळते, प्रत्येक सूचनेत शब्द, वजन आणि पेलोड, म्हणजे सोबतची जादा माहिती. विचारलेला शब्द मधल्या मध्ये गळून जातो! लायब्ररीला दोष देत नाही, तिने काम सोपं केलं. पण सोपं करताना काय गाळलं हे आपण एकदा तरी मूळ उत्तर उघडून बघावं. तेव्हापासून मी रिक्वेस्ट पाठवतानाच प्रश्न सोबत बांधून ठेवतो.

त्याच उत्तरात आणखी एक काटा होता. शब्दाच्या मधूनही जुळणी शोधणारा सोलरचा जो सजेस्टर (सूचना देणारा भाग) आहे, तो जुळलेला भाग ठळक दिसावा म्हणून शब्दातच बोल्डचे टॅग घालून पाठवतो, आणि हे सेटिंग मुळातच चालू असतं. आम्ही निवडलेली सूचना तशीच्या तशी शोधायला पाठवली, टॅगसकट! शून्य निकाल. दाखवायचा मजकूर वेगळा आणि शोधायचा वेगळा, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आणि हो, डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण उचलताना त्यातला ‘बिल्ड’ पॅरामीटर प्रत्येक रिक्वेस्टला जाऊ देऊ नका. आम्ही दिला होता. दर रिक्वेस्टला आख्खी डिक्शनरी नव्याने बांधली जात होती.

आता मराठीपुरतं. फोनेटिक कीबोर्डवर अक्षर अजून घडत असताना ब्राउझर ‘कॉम्पोझिशन’ चालू असल्याचं कळवतो. ते संपेपर्यंत काहीही पाठवू नये, नाहीतर सर्व्हरकडे अर्धी अक्षरं जातात. दुसरं, ‘दुसऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: कोणी नुक्तावाला ऱ वापरतं, कोणी साधा र, हलन्त आणि पुढे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, स्ट्रिंग म्हणून वेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही यांना एक करत नाही. तो नियम आपणच लिहायचा आणि इंडेक्स करताना व शोधताना दोन्हीकडे लावायचा. मघाच्या तुलनेसाठी मात्र बॉक्समधला मजकूर जसा आहे तसाच ठेवा, त्याला हात लावू नका.