आधी कागद, मग रंग, शेवटी माती

श्रोतेहो, नमस्कार.

कलाकेंद्रात काही आठवडे किंवा काही महिने निवासी राहून काम करणारे कलावंत ठरावीक दिवशी आपले स्टुडिओ सगळ्यांसाठी उघडतात. अशा दिवशी काय पाहायचं आणि पाहताना काय जपायचं, याबद्दल आज बोलू. प्रदर्शनात आपल्याला पुरं झालेलं काम दिसतं. स्टुडिओत तेच काम अर्धवट असतं, ओलं असतं, फसलेलंही असतं. त्यामुळे भिंतीवर लावलेलं थोडं कमी पाहिलंत तरी चालेल, पण टेबलावर, फळीवर, खिडकीत वाळत ठेवलेलं जरूर पाहा. खरी माहिती तिथे असते.

एका फेरीला तीन स्टुडिओ पुष्कळ झाले. प्रत्येक ठिकाणी वीसेक मिनिटं द्या आणि सहा-सात जणांहून मोठा घोळका नेऊ नका. पाठीवरची सॅक दारातच ठेवा, कारण मागे वळताना ओल्या कॅनव्हासला लागते ती सॅकच. ओढणी, सैल बाही, गळ्यातली लांब माळ आवरून घ्या. प्रेसचा रोलर आणि कुंभाराचं चाक दोन्ही कापड ओढून घेतात. पायात बंद बूट हवेत.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी कागदाचं काम, मग रंगाचं, शेवटी मातीचं. आधी माती हाताळली, तर बोटांवरची पांढरट धूळ छापचित्राच्या कागदावर उमटते आणि ती पुसायला गेलं की आणखी पसरते.

तर पहिला स्टुडिओ छापचित्रांचा. एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रसायनानं रेघा खोदून त्यावरून छापणं, चालू असेल तर तांब्याचा पत्रा हातात धरायला मिळतो का, ते विचारा. पत्र्यावर मेणासारखा थर असतो, त्यावर सुईनं रेघ ओढली की तेवढंच तांबं उघडं पडतं. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात जातो आणि उघडं तांबं खाल्लं जातं. रेघ जितका जास्त वेळ द्रावणात राहील तितकी खोल होते, तितकी जास्त शाई धरते आणि तितकी काळी छापते. फिकट रेघा हव्या असतील तर कलावंत पत्रा मध्येच बाहेर काढून तेवढा भाग झाकतो आणि बाकीचा पुन्हा बुडवतो. म्हणजे एकाच पत्र्यातल्या फिक्या आणि गडद रेघांत फरक असतो तो निव्वळ मिनिटांचा.

पत्र्याची कड बोटानं चाचपून पाहा. ती कानशीनं तिरकी घासलेली असते. नसली तर प्रेसच्या दाबाखाली कागद तिथेच फाटतो आणि वरचं जाड लोकरी कापडही कापलं जातं. छापायचा कागद आधी भिजवून, टिपून घेतात. कोरडा कागद ताठ राहतो आणि रेघांच्या खोबणीत उतरत नाही. फार ओला असला तर शाई नीट धरत नाही. छापाच्या खाली पेन्सिलीनं ५/२० असं लिहिलेलं दिसेल. एकूण वीस छाप आणि हा पाचवा, एवढाच त्याचा अर्थ. पाचवा म्हणून तो अठराव्यापेक्षा सरस, असं एचिंगमध्ये सहसा नसतं. ड्रायपॉइंटची, म्हणजे द्रावण न वापरता नुसत्या सुईनं रेघा कोरण्याच्या पद्धतीची, गोष्ट वेगळी. तिथे सुईनं पत्र्यावर उचललेली धातूची बारीक कड शाई धरते आणि ती प्रत्येक छापाबरोबर दबत जाते, त्यामुळे सुरुवातीचे छाप मखमली दिसतात.

रंगांच्या स्टुडिओत एक गैरसमज दूर ठेवा. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं अळशीचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ थर बोटाला कोरडा लागायला काही दिवस ते दोन आठवडे जातात, जाड थराला महिनेही लागतात आणि वर साय धरली तरी आत रंग मऊच राहतो. म्हणून ‘वाळलंय वाटतं’ म्हणून हात लावू नका. चित्र विकत घेणार असाल तर अंतिम व्हार्निश केव्हा लावायचं, ते विचारून ठेवा. साधारण सहा महिने ते वर्षभर थांबण्याची रीत आहे. खालच्या थरात तेल जास्त आणि वरच्या थरात कमी झालं, तर वरचा थर आधी ताठ होतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. कोपऱ्यात झाकणाचा लोखंडी डबा असेल. त्यात तेलाच्या चिंध्या असतात. अशा चिंध्यांचा बोळा करून उघड्यावर टाकला, तर तो आपोआप तापून पेटू शकतो. हा डबा जागच्या जागी दिसला की स्टुडिओ जबाबदारीनं चालतोय असं खुशाल समजा.

मातीच्या स्टुडिओत जास्त वेळ काढा, कारण पाहुण्यांच्या हातून सर्वाधिक नुकसान इथेच होतं. फळीवर ओळीनं मांडलेले पांढरट कप पक्के दिसतात, पण ते न भाजलेले असतात. कानाला धरून उचललात की कान हातात येतो. उचलायची परवानगी मिळालीच, तर दोन्ही हातांनी बुडाखालून उचला. झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावलेल्या पण न भाजलेल्या भांड्याला तर बोटही नको. झिलई तेव्हा कोरड्या पिठासारखी असते, बोट लागेल तेवढी निघते आणि भट्टीतून ती जागा उघडी पडून येते.

कप पुरता वाळला का, हे कुंभार गालाला लावून पाहतो. गार लागला तर आत ओल आहे. ती ओल राहिली आणि भट्टी घाईनं शंभर अंशांच्या पुढे नेली, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटून शेजारच्यांनाही घेऊन जातं. पहिली भाजणी साधारण १,००० अंश सेल्सिअसला, स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट केलेल्या भांड्यांची, दुसरी १,२०० ते १,२८० पर्यंत. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कण एकदम आकार बदलतात, म्हणून तिथे चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा सावकाश जावं लागतं. ओल्या मातीपासून शेवटच्या भाजणीपर्यंत भांडं दहा-बारा टक्के आटतं. हातातला कप आधी केवढा होता, याचा हिशेब त्यावरून करता येईल.

भिंतीवरच्या छोट्या चाचणी-पट्ट्यांपाशी थांबा. कच्ची झिलई आणि भाजलेली झिलई यांच्या रंगांचा मेळ नसतो. कोबाल्ट कार्बोनेटची भुकटी जांभळट, भाजल्यावर गडद निळी. तांबं घातलेली झिलई भरपूर हवा मिळाली की हिरवी आणि भट्टीत प्राणवायू कमी पडला की लालसुद्धा होते. पट्टीच्या मागे मिश्रणाचे आकडे असतात. तो आकडा म्हणजे कलावंताची मेहनत आहे, त्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. अपूर्ण कामाच्या बाबतीतही तेच. आणि चित्र विकत घेतलं म्हणून ते छापण्याचा हक्क आपल्याकडे येत नाही.

‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, ‘हे कुठे अडलं होतं?’ बहुतेक कलावंत या प्रश्नावर फसलेला छाप किंवा तडकलेलं भांडं स्वतःहून काढून दाखवतात.

निघताना हात धुवायचे ते बादलीत. माती बेसिनमध्ये गेली की नळीत बसते. आणि भट्टी कधी उघडणार, तो दिवस विचारून घ्या. भांडी बाहेर आली की बऱ्याचदा त्यातून बारीक टिणटिण ऐकू येते. भांडं आणि झिलई सारखी आकसली नाहीत की झिलईला केसासारखे तडे जातात, त्यांचा तो आवाज. तो ऐकायचा तर खोलीत सगळ्यांनी गप्प राहायला हवं.

नमस्कार.