कात्रीपासून कॉटरीपर्यंत

(दृश्य: ऑटोक्लेव्हचं दार उघडतं. वाफ. हातमोजे घातलेले हात एक चपटं पाकीट बाहेर काढतात.)

हे पाकीट उघडून पाहिल्याशिवाय या शस्त्रक्रिया केंद्रात दिवसाची पहिली शस्त्रक्रिया सुरू होत नाही. इथल्या यंत्रांची आणि हत्यारांची देखभाल कशी होते, त्याची ही गोष्ट.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र. तो तापला की पहिली फेरी रिकामीच फिरते. आत हत्यारं नाहीत, कापड नाही. फक्त हे एक पाकीट, 134 अंश सेल्सिअस तापमान आणि साडेतीन मिनिटं. पाकिटातल्या कागदाचा रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा बदलला, तर आतली हवा पूर्ण निघाली आणि वाफ सगळीकडे पोचली. मध्ये फिकट डाग राहिला, तर तिथे हवा अडकली होती. जिथे हवा अडकते तिथे वाफ पोचत नाही आणि तिथले जंतू जिवंत राहतात. 1963 साली प्रसिद्ध झालेली ही बोवी-डिक चाचणी आजही रोज सकाळी अशीच होते.

(दृश्य: कागद उजेडासमोर धरलेला. रंग एकसारखा. रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, सही.)

डाग दिसला की पहिला संशय दाराच्या गॅस्केटवर येतो. सिलिकॉनची ही रबरी कड रोज तापते, दबते, थंड होते आणि हळूहळू कडक होत जाते. ऑटोक्लेव्हच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही. पण कपाटात जादा गॅस्केट ठेवलेलं नसेल, तर ते येईपर्यंत सगळं केंद्र थांबतं. या केंद्रात ते कपाटात आहे. ते कधी आणलं, कधी बसवलं, हेही त्याच रजिस्टरमध्ये आहे.

(दृश्य: केंद्राचा दर्शनी भाग. आत येणारे रुग्ण. भिंतीवर दिवसाची यादी.)

हे डे केअर शस्त्रक्रिया केंद्र. सकाळी आलेला रुग्ण संध्याकाळी घरी जातो. कल्पना जुनी आहे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जेम्स निकोल यांनी 1909 मध्ये लिहिलं होतं, की लहान मुलांवरच्या सुमारे 9,000 शस्त्रक्रिया त्यांनी बाह्यरुग्ण म्हणूनच केल्या. पुढे 1970 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड या दोन भूलतज्ज्ञांनी खास याच कामासाठी स्वतंत्र केंद्र उघडलं. आज मोतीबिंदू, हर्निया, दुर्बिणीतून होणाऱ्या सांध्यांच्या शस्त्रक्रिया, अशी कितीतरी कामं एका दिवसात उरकतात.

मोठ्या रुग्णालयात एक भूलयंत्र बिघडलं, तर शेजारच्या ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, दुसरं आणता येतं. इथे शेजारची ओटी नाही. बहुतेक यंत्रं एकेकच. शिवाय केसेस छोट्या असल्याने एकाच दिवसात तीच हत्यारं, तीच केबल, तीच दुर्बीण पुन्हा पुन्हा लागते. म्हणून इथल्या खर्चाचा खरा हिशेब धुण्याच्या खोलीत सुरू होतो. आमचा कॅमेरा सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबला.

(दृश्य: सिंकमध्ये पाण्याखाली ब्रश. फॉर्सेप्सचे (चिमट्यांचे) सांधे उघडलेले. जवळून.)

हत्यारांचं स्टील गंजत नाही असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्याला वाचवतो. रक्त वाळलं, किंवा सलाइनमध्ये हत्यार भिजत पडलं, की त्यातलं क्लोराइड हा थर पोखरतं. बारीक खड्डे पडतात. खड्ड्यात घाण बसते, घाणीखाली पुन्हा गंज. असं एक हत्यार ट्रेमध्ये गेलं, तर त्याचा गंज शेजारच्या चांगल्या हत्यारांवरही उतरतो.

म्हणून इथला नियम साधा आहे. केस संपल्यावर हत्यारांवर सलाइन नाही, साधं पाणी किंवा ओलं ठेवणारा फवारा. मग रक्त आणि घाण सोडवणारं एन्झाइमचं द्रावण. मग प्रत्येक सांधा उघडून पाण्याखाली ब्रश. पाण्याच्या वर ब्रश मारला की थेंब उडतात आणि ते धुणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतात. त्यानंतर ध्वनिलहरींनी धुणारी अल्ट्रासॉनिक टाकी.

(दृश्य: टाकीत ॲल्युमिनियमचा कागद सोडला जातो. बाहेर काढल्यावर त्यावर असंख्य बारीक भोकं.)

हा रोजच्या स्वयंपाकातला ॲल्युमिनियमचा कागद आहे. टाकी नीट चालत असेल, तर पाण्यात फुटणारे सूक्ष्म बुडबुडे त्याला सगळीकडे सारखेच टोचतात. एका कोपऱ्यात कागद कोरा राहिला, तर तिथला ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनिलहरी निर्माण करणारा भाग, थकला. एवढी स्वस्त आणि एवढी बोलकी चाचणी या सगळ्या इमारतीत दुसरी नाही, आणि ज्या केंद्रात ती होत नाही तिथे टाकी फक्त आवाज करते आहे की धुते आहे, हे कोणालाच कळत नाही.

धुतल्यावर सांध्यांना पाण्यात विरघळणारं वंगण. साधं तेल चालत नाही. त्याच्या थरातून वाफ आत जात नाही. मग भिंगाखाली तपासणी. टोकं जुळतात का, कात्री कापते का, लॉक धरतो का. निकामी हत्यार लगेच बाजूला काढलं जातं, कारण ते एकदा पॅक झालं की त्याची खरी अवस्था शल्यचिकित्सकाच्या हातातच कळते.

(दृश्य: तंत्रज्ञ दुर्बिणीची लाइट केबल एका टोकाने छताच्या दिव्याकडे धरते. दुसऱ्या टोकाच्या गोलात काळे ठिपके.)

हे काळे ठिपके म्हणजे तुटलेले काचतंतू. केबल आवळून गुंडाळली, ट्रेच्या झाकणात सापडली, की तंतू तुटतात आणि उजेड कमी होतो. मग ओटीत तक्रार येते, "कॅमेरा खराब झालाय." पुष्कळदा कॅमेरा ठीक असतो. नवा कॅमेरा मागवण्याआधी केबल अशी उजेडाकडे धरून बघायला अर्धं मिनिट लागतं.

दुर्बीण मात्र नाजूकच. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी 1960 च्या सुमारास छोट्या भिंगांच्या जागी काचेच्या लांब कांड्या बसवल्या आणि आतलं चित्र एकदम उजळ झालं. या कांड्या वाकणं सहन करत नाहीत. इथे दुर्बीण नेहमी डोळ्याकडच्या जड बाजूने उचलली जाते, तिच्यावर दुसरं काही ठेवलं जात नाही, आणि तिची धुलाई वेगळ्या ट्रेमध्ये होते. नवीन माणूस कामावर आला की सिस्टर त्याला पहिल्यांदा हेच शिकवतात.

(दृश्य: कॉटरीचं यंत्र, शेजारी ॲनालायझर. आकडे बदलतात. तंत्रज्ञ लिहून घेते.)

कॉटरी विजेने ऊती कापते आणि रक्तस्राव थांबवते. 1926 मध्ये हार्वी कुशिंग यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरल्यानंतर विजेची कॉटरी जगभर रूढ झाली. यंत्रावर जितके वॉट दिसतात, तितके खरंच बाहेर पडतात का, हे पडद्यावरून कळत नाही. त्यासाठी हा ॲनालायझर लावावा लागतो. सोबत गळती-विजेची, म्हणजे यंत्रातून नको तिथे निसटणाऱ्या विजेची, मोजणी. वापरात असलेल्या वैद्यकीय विद्युत यंत्रांच्या अशा तपासणीसाठी आयईसी 62353 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यातल्या मर्यादा मायक्रोअँपिअरमध्ये दिलेल्या आहेत.

दुर्बिणीतून वापरायच्या कॉटरीच्या हत्यारांवरचं आवरणही तपासलं जातं. त्याला सुईएवढं छिद्र असलं तरी वीज तिथून निसटते आणि कॅमेऱ्याच्या नजरेबाहेरचा अवयव भाजतो.

(दृश्य: ओटी. भूलयंत्र. फुगणारी पिशवी, दाबाचा काटा.)

भूलयंत्राची सकाळ वेगळी. रुग्णापर्यंत वायू नेणाऱ्या नळ्यांच्या सर्किटचं तोंड बंद करून आत 30 सेंटिमीटर पाण्याइतका दाब भरायचा आणि 10 सेकंद काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला, तर कुठेतरी गळती आहे. ऑक्सिजनचा सेन्सर खोलीतल्या हवेत 21 टक्के दाखवतो का, ते पाहायचं. हा सेन्सर एका रासायनिक घटासारखा असतो. यंत्र बंद असलं तरी तो झिजत राहतो, त्यामुळे कमी वापर म्हणजे जास्त आयुष्य हा हिशेब त्याला लागू होत नाही.

रुग्णाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे सोडा लाइमचे पांढरे दाणे संपत आले की जांभळे होतात. पण रात्रभर यंत्र बंद राहिलं, की तो रंग पुन्हा फिकट पडतो. सकाळी डबा पाहून फसायला होतं. म्हणून इथे तो केस संपताना पाहतात आणि डब्यावर भरल्याची तारीख लिहितात.

(दृश्य: तंत्रज्ञाचं टेबल. यंत्रांची यादी. प्रत्येक नावासमोर आकडे.)

सगळ्याच यंत्रांकडे सारखं लक्ष देणं कोणत्याही लहान केंद्राला परवडत नाही. कोणाकडे आधी बघायचं, याची एक पद्धत फेनिगको आणि स्मिथ यांनी 1989 मध्ये मांडली. यंत्राचं काम काय, ते बिघडलं तर धोका किती, आणि त्याला देखभाल किती लागते, या तिन्हींना गुण द्यायचे. बेरीज 12 किंवा त्याहून जास्त झाली, तर ते यंत्र नियमित देखभालीच्या यादीत. हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर महिनोन्महिने वापरात येत नाही, तरी यादीत वर असतो. तो रोज बॅटरीवर चार्ज करून पाहिला जातो. रुग्णाचा खाटेवरचा दिवा खाली राहतो आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही.

देखभाल करारांचंही तसंच. साध्या वार्षिक करारात इंजिनिअर येतो, भाग बदलला तर पैसे वेगळे. सर्वसमावेशक करारात भागही येतात, पण दर वर्षीची रक्कम जड असते. सगळ्या यंत्रांना एकच करार लावणं सोपं जातं आणि महाग पडतं. ज्याचे भाग महाग आणि बिघाड बाहेरच्याशिवाय दुरुस्त होत नाही, त्यालाच मोठा करार. बाकीच्यांसाठी जागेवर एक शिकलेला माणूस हवा.

(दृश्य: तंत्रज्ञ जमिनीवर बसून सक्शन मशीन उघडते. फिल्टर काळा. नवा बसवते. मशीन सुरू.)

या माणसाचं मोल आकड्यांतही दिसतं. रॉबर्ट मल्किन आणि ॲलिसन कीन या संशोधकांनी 2010 मध्ये 11 देशांतल्या 60 साधनहीन रुग्णालयांतल्या दुरुस्तीच्या नोंदी तपासल्या. बंद पडलेल्या यंत्रांपैकी सुमारे दोन तृतीयांश यंत्रं फक्त 107 प्राथमिक कौशल्यांच्या जोरावर पुन्हा सुरू झाली होती. प्लग आणि वायरिंग, वीजपुरवठा, नळ्या, मोटर, यांत्रिक जोडणी, आणि वापरणाऱ्याला नीट शिकवणं. यातलं बरंचसं आत्ता पडद्यावर दिसतंय त्या पेटीतल्या अवजारांनी होतं. यंत्र घ्यायला पैसा उभा करणारे लोक या एका पगाराला मात्र खर्च म्हणतात, हे आम्हाला अजिबात पटत नाही.

देखभाल चुकली, तर शस्त्रक्रिया रद्द होते, उपाशीपोटी आलेला रुग्ण परत जातो, किंवा त्याहून वाईट घडतं.

(दृश्य: मोठं खोकं उघडलं जातं. नवा लाइट सोर्स. तंत्रज्ञ प्लग लावण्याआधी वायर आणि पिन तपासते, मग यंत्रावर क्रमांक चिकटवते.)

हा दुर्बिणीला उजेड पुरवणारा नवा एलईडी लाइट सोर्स. जुन्याचा झेनॉन दिवा साधारण 500 तासांनी बदलावा लागायचा. एलईडीचं आयुष्य हजारो तासांचं आहे. खरेदीच्या वेळी दोन्हींच्या किमती शेजारी ठेवल्या असत्या, तर जुना प्रकार स्वस्त दिसला असता. पण दर वेळी लागणारे दिवे त्यात धरले आणि निर्णय फिरला.

आता इथे कोणतंही यंत्र घेण्याआधी तंत्रज्ञ सोबत बसते. दर केसमागे काय टाकून द्यावं लागतं आणि ते फक्त याच कंपनीकडून घ्यावं लागतं का? सुटे भाग किती वर्षं मिळतील? वॉरंटी संपल्यावर कराराची रक्कम किती? सर्व्हिस मॅन्युअल आणि पासवर्ड देणार का? बंद पडलं तर किती तासांत माणूस येईल, आणि तोवर बदली यंत्र मिळेल का? उत्तरं तोंडी घेतली जात नाहीत. ती लेखी येतात, खरेदीच्या कागदांना जोडली जातात, आणि नव्या यंत्राच्या लॉगबुकचं पहिलं पान त्यांनीच भरतं.